अस्थिव्यंगोपचारी पादत्राणांचे प्लॅस्टिक भाग : थर-निर्मिती

अस्थिव्यंगोपचारी पादत्राणांचे प्लॅस्टिक भाग : पायाचे व्यंग, सांध्यांची विकृती, तळव्याचा संवेदनानाश किंवा दोन पायांच्या लांबीतील फरक यांमुळे बाजारातील तयार पादत्राणे ज्यांना चालत नाहीत, त्यांच्यासाठी खास मापाने केलेल्या पादत्राणांना अस्थिव्यंगोपचारी पादत्राणे म्हणतात. अशा पादत्राणांतील आतला तळ, टाचेची वाटी, कमानीचा आधार, पाचरी, टाचेची उंची वाढविणारे ठोकळे इ. भाग चामडे, बूच, सूक्ष्मछिद्री रबर व फेस-प्लॅस्टिक यांपासून कापून, तापवून व घासून घडविण्याची रीत जुनी असून बहुतेक कार्यशाळांत ती आजही चालू आहे. संगणकातील त्रिमितीय आराखड्यावरून प्लॅस्टिकचे पातळ थर एकावर एक रचून हेच भाग तयार करण्याच्या पद्धतीस थर-निर्मिती म्हणतात. व्यवहारात ती थ्रीडी प्रिंटिंग या नावाने अधिक परिचित आहे. साच्याची गरज नसणे आणि एकाच भागात जागोजागी कमीअधिक मऊपणा ठेवता येणे, हे या पद्धतीचे दोन मुख्य गुण होत. पाय तपासणे, दाब कोठून हलवावयाचा हे ठरविणे आणि घातल्यानंतर परिणाम पाहणे ही कामे मात्र यंत्र करीत नाही. त्यामुळे यंत्राची अचूकता व उपचाराची अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या विषयात सतत ध्यानात ठेवावे लागते.

तळव्यावरील दाब : दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरील प्रेरणा. ६० किग्रॅ. वजनाच्या माणसाचा भार सु. ५९० न्यूटन होतो. तो एका तळव्याच्या १०० चौ. सेंमी. क्षेत्रावर सारखा पसरला, तर दाब सु. ५९ किलोपास्काल येतो. पाऊल पुढे टाकताना टाच उचलली की हाच भार केवळ चवड्यावर येतो. चवड्याचे टेकलेले क्षेत्र ४० चौ. सेंमी. धरल्यास दाब सु. १४७ किलोपास्काल होतो. पायाची बोटे आखडली असतील किंवा चवड्यातील लांब हाडांपैकी, म्हणजे प्रपदास्थींपैकी, एखाद्याचे टोक खाली आले असेल आणि भाराचा निम्मा वाटा अशा ५ चौ. सेंमी. जागेवर पडत असेल, तर तेथील दाब सु. ५९० किलोपास्कालपर्यंत चढतो. वजन तेच राहून केवळ क्षेत्र घटल्यामुळे दाब दहापट झाला. दाबाबरोबर कर्तन, म्हणजे त्वचेला आडवे ओढणारी प्रेरणाही कार्य करते.

निरोगी माणसाला अशा ठिकाणी दुखू लागते व तो नकळत लंगडून भार दुसरीकडे नेतो. कुष्ठरोगात किंवा दीर्घकाळच्या मधुमेहात तळव्याच्या तंत्रिका निकामी झाल्या म्हणजे ही सूचना मिळत नाही. प्रथम घट्टा पडतो, घट्ट्याखाली रक्त साखळते, त्वचा फुटून व्रण होतो आणि जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेल्यास बोट किंवा पाऊल कापण्याची पाळी येते [⟶ कुष्ठरोग, मधुमेह]. दिवसाला ५,००० पावले चालणाऱ्या माणसाचा प्रत्येक पाय सहा महिन्यांत सु. ४·५ लक्ष वेळा जमिनीवर पडतो. एका पावलात कळणारही नाही असा दोष इतक्या आवर्तनांत पाय गमावण्यास पुरेसा असतो. मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, तळव्याचा व्रण एकदा होऊन भरलेल्या रुग्णाच्या पादत्राणाने चालतानाचा कमाल दाब आधीच्या पादत्राणापेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी करावा किंवा पादत्राणाच्या आत तो २०० किलोपास्कालपेक्षा कमी राखावा.

भाग व त्यांची कार्ये : आतला तळ हा यांतील सर्वांत महत्त्वाचा भाग. तळव्याच्या चढउतारांशी जुळणारा असल्याने तो टेकण्याचे क्षेत्र वाढवितो. टाचेची वाटी टाचेखालील मांसल गादी आवरून धरते व टाच कलंडू देत नाही. सपाट पावलात कमानीच्या आतील बाजूस आधार देतात. उंच कमानीच्या पावलात चवडा व टाच यांवरील भार कमी करण्यासाठी मधली पोकळी भरून काढतात. प्रपदास्थींच्या टोकांच्या किंचित मागे बसविलेल्या उंचवट्यामुळे भार त्या टोकांवरून मागे सरकतो. हा उंचवटा काही मिमी. पुढे बसला, तर तो टोकांखालीच येऊन दाब वाढवितो. पाचरींनी टाच आत किंवा बाहेर कलविता येते. बालपक्षाघात, अस्थिभंग इ. कारणांनी एक पाय आखूड झालेल्यांना टाचेखाली किंवा संपूर्ण तळाखाली उंची द्यावी लागते. चवड्याच्या सांध्यांची हालचाल वेदनादायक वा धोक्याची असल्यास तळात ताठ पट्टी घालून बाहेरील तळ झुलत्या खुर्चीच्या पायासारखा वक्र करतात, म्हणजे पाऊल न वाकता पुढे लोळते. पाऊल लोंबकळत असल्यास घोट्यामागून पोटरीपर्यंत जाणारे ताठ कवच पादत्राणात बसवितात. याखेरीज ज्यावर पादत्राणाचा वरचा भाग ताणून शिवतात ते कलबूतही थर-निर्मितीने करता येते. पाय फार विरूप असल्यास लाकडी कलबुतावर चामड्याचे तुकडे चिकटवून आकार जुळविण्यापेक्षा हे काम सोपे जाते.

इतिहास : भारतात संवेदनाहीन पायांसाठी पादत्राणांचा शास्त्रीय विचार वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये पॉल ब्रँड व त्यांचे सहकारी यांनी केला. कुष्ठरुग्णांच्या पायांचे व्रण व झीज ही मुख्यतः संवेदना नाहीशी झालेल्या भागावर वारंवार होणाऱ्या इजेमुळे घडते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यातूनच १९५० नंतरच्या दशकात मऊ सूक्ष्मछिद्री रबराचा आतला तळ व खाली कठीण तळ असलेली चप्पल प्रचारात आली. राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमातून अशी पादत्राणे रुग्णांना विनामूल्य दिली जातात. मुंबईत हाजी अली येथे १९५५ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आणि कानपूर येथील १९७२ मध्ये स्थापन झालेले भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगम या कृत्रिम अवयव व आधारसाधनांच्या क्षेत्रातील प्रमुख सार्वजनिक संस्था होत. साधने घेण्यासाठी अपंगांना साहाय्य देण्याची केंद्र शासनाची योजना १९८१ पासून आहे.

थर-निर्मितीचा उगम स्वतंत्रपणे झाला. जपानमधील नागोया येथील हिदेओ कोदामा यांनी प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनाचे थर रचून वस्तू बनविण्याची कृती १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकेत चार्ल्स हल यांनी १९८४ मध्ये याच तत्त्वावरील पद्धतीच्या एकस्वासाठी अर्ज केला व त्यांना १९८६ मध्ये एकस्व मिळाले. त्याच सुमारास टेक्सस विद्यापीठात कार्ल डेकार्ड यांनी लेसर किरणाने चूर्ण सांधण्याची, तर १९८९ मध्ये स्कॉट क्रंप यांनी वितळलेल्या प्लॅस्टिकची रेघ सोडून थर रचण्याची पद्धती पुढे आणली. क्रंप यांच्या एकस्वाची मुदत २००९ मध्ये संपली. त्यापूर्वीच, २००५ मध्ये, इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात एड्रियन बॉयर यांनी स्वतःचेच बरेचसे भाग बनवू शकणाऱ्या यंत्राचा खुला आराखडा हाती घेतला होता. या दोन घटनांमुळे यंत्रे स्वस्त झाली आणि लहान कार्यशाळांना ती परवडू लागली.

निर्मितीच्या पद्धती : पादत्राणांच्या भागांसाठी मुख्यतः दोन पद्धती वापरतात. पहिलीत १·७५ किंवा २·८५ मिमी. व्यासाची प्लॅस्टिकची तार तापलेल्या तोटीतून ढकलली जाते. सामान्यतः ०·४ मिमी. छिद्राच्या या तोटीतून बाहेर पडणारी वितळलेली रेघ आधीच्या थरावर बसून थिजते. थराची जाडी ०·१ ते ०·३ मिमी. असते. यंत्र लहान व स्वस्त, पण गती मंद. उदा., १८० चौ. सेंमी. क्षेत्राच्या व सरासरी ८ मिमी. जाडीच्या तळाचे घनफळ १४४ घ. सेंमी. भरते. आत जाळी ठेवून त्यातील ४५ घ. सेंमी. इतकेच प्लॅस्टिक घातले, तर त्याचे वजन सु. ५४ ग्रॅ. होते. ०·४ मिमी. रुंदीची व ०·२ मिमी. जाडीची रेघ सेकंदाला ३० मिमी. या गतीने सोडल्यास या एका तळाला सु. पाच तास, म्हणजे जोडीला दहा तास लागतात. मऊ प्लॅस्टिकची तार तोटीकडे ढकलताना मुडपते, म्हणून गती फार वाढविता येत नाही.

दुसऱ्या पद्धतीत प्लॅस्टिकचे बारीक चूर्ण सु. ०·१ मिमी. जाडीच्या थरात पसरून आवश्यक तेवढाच भाग लेसर किरणाने, अथवा उष्णताशोषक शाई फवारून अवरक्त दिव्याने, तापवितात. कण एकमेकांना चिकटतात. यास तापपिंडन म्हणतात. न चिकटलेले चूर्णच वरच्या भागास आधार देत असल्याने वेगळे टेकू लागत नाहीत आणि एका वेळी अनेक जोड्या रचता येतात. या भागांची ताकद सर्व दिशांनी बरीचशी सारखी असते. यंत्र व चूर्ण महाग असल्याने ही पद्धती मोठ्या केंद्रांना सोयीची ठरते. प्रकाशाने रेझीन घट्ट करण्याची तिसरी पद्धती सूक्ष्म तपशिलासाठी उत्तम आहे. तथापि अर्धवट घट्ट झालेले रेझीन त्वचेस अपायकारक असल्याने तळव्याखाली येणाऱ्या भागांसाठी ती जपूनच वापरावी लागते.

द्रव्ये : मऊ भागांसाठी उष्णतामृदू पॉलियुरेथेन हे सर्वांत अधिक वापरले जाते. त्याची घनता सु. १·२ असून तारेच्या स्वरूपात त्याची शोर-अ कठिनता बहुधा ८५ ते ९५ असते. सूक्ष्मछिद्री रबराची कठिनता सु. १५ असते, म्हणजे भरीव स्वरूपात हे प्लॅस्टिक तळव्यास फारच कठीण ठरेल. ते मऊ होते ते आतील जाळीमुळे. ताठ पट्ट्या, वाट्या व घोट्याची कवचे यांसाठी नायलॉन-१२, नायलॉन-११ व पॉलिप्रोपिलीन वापरतात. नायलॉन-११ हे एरंडेल तेलापासून तयार होते. नायलॉन चिवट असून वारंवार वाकविल्याने सहसा तुटत नाही. मक्यासारख्या पिकांतील शर्करेपासून मिळणारे पॉलिलॅक्टिक अम्ल यंत्रावर चालविण्यास अतिशय सोपे आहे; पण ते ठिसूळ असून सु. ६०° से. तापमानास मऊ पडते. वैशाखातील उन्हात पत्र्यावर किंवा बंद मोटारीत राहिलेला असा भाग वाकडा होऊ शकतो. म्हणून नमुने व कलबुते यांपुरताच त्याचा वापर इष्ट होय.

पॉलियुरेथेन व नायलॉन ही दोन्ही द्रव्ये हवेतील बाष्प शोषून घेतात. ओलसर तार तोटीत तापली की पाण्याची वाफ होऊन बुडबुडे निर्माण होतात, रेघ तुटक पडते व थर नीट चिकटत नाहीत. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत हा दोष विशेष जाणवतो. तार हवाबंद डब्यात जलशोषकासह ठेवणे आणि वापरापूर्वी पॉलियुरेथेन सु. ५०° ते ६०° से. तापमानात काही तास वाळविणे हा त्यावरील उपाय होय.

माप व आराखडा : प्रथम रुग्णाचा पाय तपासतात. १० ग्रॅ. भाराला वाकणाऱ्या नायलॉनच्या तंतूने तळव्याच्या ठरावीक जागी स्पर्श करून संवेदना आहे किंवा नाही ते पाहतात. घट्टे, जुन्या व्रणांचे वण, सांध्यांची हालचाल, नाडी व त्वचेची उष्णता यांची नोंद करतात. त्यानंतर पायाचा आकार घेतात. त्यासाठी प्रकाशाचे पट्टे टाकणारे क्रमवीक्षक यंत्र, अनेक बाजूंनी काढलेली छायाचित्रे, अथवा फेसाच्या पेटीत उमटविलेला ठसा वापरतात. पाय अधांतरी असताना, अर्धा भार दिला असता आणि पूर्ण भार दिला असता त्याचा आकार वेगवेगळा येतो. आकार कोणत्या स्थितीत घेतला हे नोंदविले नसेल, तर मिमी. च्या अंशापर्यंत अचूक असलेले मापही निरुपयोगी ठरते. शक्य असल्यास दाबमापक पट्टीवरून रुग्णास चालवून दाबाचा नकाशा काढतात.

संगणकात पायाचा पृष्ठभाग त्रिकोणांच्या जाळ्याने दर्शविला जातो. त्यावरून तळाचा आराखडा करताना पाय जसाच्या तसा उलटा उमटविणे हे उद्दिष्ट नसते. व्रणप्रवण जागेखाली खोलगटपणा किंवा मऊ भाग, तिच्याभोवती भार घेणारा आधार, आणि दोहोंमध्ये सावकाश उतरणारी कड असे फेरफार करावे लागतात. कड तीव्र राहिल्यास खड्ड्याच्या काठावरच नवा व्रण होतो. हे फेरफार आतापर्यंत अनुभवी कारागीर रापीने व घासणीने करीत आला. आता ते पडद्यावर केले जातात एवढाच फरक. निर्णय तोच राहतो.

जाळीरचना : भागाच्या आत प्लॅस्टिक भरीव न ठेवता कोठड्यांची किंवा लाटांची जाळी रचतात. ॲलन शोन यांनी १९७० मध्ये वर्णन केलेला, अखंड वळत जाणारा जायरॉइड हा पृष्ठभाग यासाठी लोकप्रिय आहे. कारण तो सर्व दिशांनी जवळजवळ सारखाच दबतो. ज्या जाळ्यांच्या भिंती वाकून भार घेतात त्यांचा ताठपणा ढोबळमानाने भरणप्रमाणाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे भरण ४० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणल्यास ताठपणा सु. एकचतुर्थांश होतो. यामुळे एकाच द्रव्याच्या, एकाच वेळी निघालेल्या तळात टाचेखाली एक, कमानीखाली दुसरा व धोक्याच्या जागी तिसरा मऊपणा देता येतो. हाताने हेच साधण्यासाठी निरनिराळ्या कठिनतेचे फेस कापून चिकटवावे लागतात व कालांतराने ते सुटतात.

याच कल्पनेचे एक वेगळे रूप बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेने कर्नाटक अंतःस्रावविज्ञान व संशोधन संस्थेच्या सहकार्याने विकसित करून २०२२ मध्ये जाहीर केले. या मधुमेहींसाठीच्या चपलेत थर-निर्मितीने केलेल्या लहान कमानी आहेत. ठरावीक मर्यादेपलीकडे दाब आला की कमान एकदम उलटी वळते व त्या जागेवरील भार शेजारी जातो. दाब निघताच ती पूर्ववत होते. ही मर्यादा रुग्णाचे वजन, पायाचा आकार, चालण्याची गती व दाबाची वाटणी यांवरून ठरविली जाते. तीत विद्युत घट किंवा संवेदक लागत नाही, हे विशेष.

जोडणी व परीक्षण : यंत्रातून निघालेल्या भागाचे तंतू व खरबरीत कडा काढून त्यावर २ ते ३ मिमी. जाडीचे मऊ, धुता येण्याजोगे आवरण चिकटवितात. उघड्या जाळीत घाम, माती व बुरशी साठत असल्याने हे आवरण आवश्यक असते. थरांची दिशा महत्त्वाची आहे. तळ आडवा ठेवून बनविल्यास चालताना पडणारा ताण थरांच्या लांबीने जातो. परंतु टाचेच्या वाटीची किंवा घोट्याच्या कवचाची उभी भिंत तारेच्या पद्धतीने केली, तर ती बाजूने वाकताना दोन थरांमधील जोड उघडण्याची भीती असते. असे भाग आडवे निजवून किंवा चूर्ण-पद्धतीने करणे श्रेयस्कर.

पादत्राणाची खोली जाड तळ सामावण्याइतकी असली पाहिजे. नाहीतर बोटांच्या वरच्या बाजूस व्रण होतात. पहिल्या दिवशी पादत्राण थोडाच वेळ घालून तळवा पाहतात. लाल झालेली जागा अर्ध्या तासात पूर्ववत न झाल्यास तळात दुरुस्ती करतात. संवेदनाहीन पायाच्या बाबतीत ‘बरे वाटते’ हे रुग्णाचे उत्तर पुरावा मानता येत नाही. त्यासाठी डोळ्यांनी पाहणे व दाब मोजणे हेच मार्ग उरतात. आराखडा संगणकात जपलेला असल्याने झिजलेल्या तळाच्या जागी तसाच दुसरा किंवा किंचित सुधारलेला तळ काढता येतो. हाताने घडविलेल्या भागाची अशी तंतोतंत पुनरावृत्ती करता येत नाही. मात्र पायाचा आकार बदलतो. म्हणून जुना आराखडा नव्या तपासणीशिवाय वापरू नये.

साचेकामाशी तुलना : पश्चिम रेल्वेवरील बोईसर स्थानकाजवळ, मुंबईच्या उत्तरेस सु. १०० किमी. वर, तारापूर औद्योगिक क्षेत्र सालवड, पास्थळ, कुंभवली, कोलवडे इ. गावांच्या शिवारांत पसरले आहे. रसायने, औषधे, कापड, पोलाद व अभियांत्रिकी यांबरोबर प्लॅस्टिकवर प्रक्रिया करणारे कारखानेही या पट्ट्यात आहेत. प्लॅस्टिकच्या कारखान्यांत सामान्यतः आढळणाऱ्या अंतःक्षेपण साचेकामात वितळलेले प्लॅस्टिक पोलादी साच्यात दाबाने भरले जाते व काही सेकंदांपासून एक-दोन मिनिटांत वस्तू बाहेर पडते. तिला थर-निर्मितीचे पाच तास मुळीच तुल्यबळ नाहीत. परंतु साच्याचा खर्च हजारो नगांवर वाटला गेला तरच ती वस्तू स्वस्त पडते. उजव्या पायाचा तळ डाव्याला चालत नाही आणि एका रुग्णाचा दुसऱ्याला चालत नाही, तेथे प्रत्येक साच्यातून एकच नग निघणार. थर-निर्मितीत पहिल्या व हजाराव्या नगाचा खर्च जवळपास सारखाच असल्याने अशा एकेका नगासाठी ती परवडते. म्हणून बाहेरील तळ, पट्टे व बकले साच्यातून आणि पायाला लागणारा आतला भाग थर-निर्मितीतून, अशी विभागणी व्यवहार्य ठरते. नायलॉन व पॉलियुरेथेन यांची हाताळणी, वाळवण व उरलेल्या मालाचा पुनर्वापर यांचे ज्ञान असलेला कामगारवर्ग अशा औद्योगिक पट्ट्यात उपलब्ध असतो, हीही जमेची बाजू होय.

औद्योगिक कामगारांच्या बाबतीत एक दक्षता आवश्यक असते. भारतीय मानक १५२९८ नुसार बनविलेल्या सुरक्षा पादत्राणाच्या पुढील टोपीने २०० जूल आघात सोसावा लागतो. त्यात नंतर जाड तळ घातल्यास बोटे वर उचलली जाऊन टोपीखालील मोकळी जागा कमी होते. शिवाय ज्वालाग्राही द्रावकांच्या कारखान्यांत स्थिर विद्युत जमिनीत वाहून जावी यासाठी विशिष्ट विद्युत रोधाची पादत्राणे वापरतात. सामान्य पॉलियुरेथेनाचा जाड तळ निरोधक असल्याने हा मार्ग खंडित होऊ शकतो. अशा ठिकाणी विद्युत संवाहक द्रव्याचा तळ वापरून संपूर्ण पादत्राणाची पुन्हा चाचणी करणे जरूर असते.

पालघर जिल्ह्यातील उपयुक्तता : १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झालेला पालघर हा महाराष्ट्रातील ज्या जिल्ह्यांत कुष्ठरोगाचे नवे रुग्ण तुलनेने अधिक आढळतात त्यांपैकी एक आहे. राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकापेक्षा खाली आल्याचे २००५ च्या अखेरीस जाहीर झाले. तरी बहुविध औषधोपचाराने रोगजंतू नष्ट झाले, तरी मेलेली तंत्रिका सहसा परत येत नाही. रोगमुक्त माणसाला पुढील सर्व आयुष्य त्याच तळव्यांवर काढावे लागते. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात कुष्ठरोगमुक्त व्यक्तींचा समावेश आहे. दुसरीकडे मधुमेहाचा प्रसारही वाढत असून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात सु. १०·१ कोटी मधुमेही आहेत.

जव्हार, मोखाडा, विक्रमगड या डोंगराळ तालुक्यांतील रुग्णाला माप देणे, पादत्राण घालून पाहणे व दुरुस्ती यांसाठी मुंबईस तीन खेपा घालणे म्हणजे तितक्या दिवसांची मजुरी बुडविणे होय. पायाचा आकार तालुक्याच्या रुग्णालयात घेऊन आराखडा दूरच्या तज्ज्ञाकडे पाठविता येतो आणि भाग जवळच्या कार्यशाळेत काढता येतो; प्रवास मापाने करावयाचा, रुग्णाने नव्हे. थर-निर्मितीचा सर्वांत मोठा सामाजिक लाभ हाच मानता येईल. परंतु घालून पाहणे व तपासणे यांसाठी प्रशिक्षित माणूस रुग्णाजवळच असावा लागतो.

पादत्राण वापरले गेले तरच उपयोगी. भातलावणीत गुडघाभर चिखलात चप्पल पायात राहत नाही. घरात पादत्राण न घालण्याची रीत सार्वत्रिक आहे आणि दिवसातील बरीच पावले घरातच पडतात. यासाठी घरात वापरण्याची वेगळी, हलकी जोडी देणे, मागे पट्टा ठेवणे व पाण्याने खराब न होणारे आवरण निवडणे हे उपाय करतात. ठरावीक रंगरूपाच्या चपलेवरून रोगाची ओळख पटते, या संकोचाने अनेक रुग्ण ती घालीत नाहीत, असा कुष्ठकार्यातील जुना अनुभव आहे. थर-निर्मितीचा तळ पुरेशा खोल अशा कोणत्याही नेहमीच्या दिसणाऱ्या पादत्राणात बसविता येत असल्याने हा अडसर दूर होऊ शकतो.

मर्यादा व दक्षता : थर-निर्मितीचे व पारंपरिक रीतीने केलेले तळ यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत आराम व दाब यांबाबत दोन्ही सामान्यतः सारखेच उतरल्याचे दिसते. नवी पद्धती आपोआप अधिक चांगला तळ देते असे त्यावरून म्हणता येत नाही. ती नोंद, पुनरावृत्ती व अंतरावरील काम सुलभ करते. यंत्र बिघडल्यास किंवा वीज नसल्यास काम थांबते. तयार तळ हाताने घासून दुरुस्त करण्यास मर्यादा असते, कारण वरचे कवच घासले की जाळी उघडी पडते. तापलेल्या प्लॅस्टिकमधून अतिसूक्ष्म कण व वाफा बाहेर पडतात आणि नायलॉनचे चूर्ण हवेत उडते. म्हणून जागा हवेशीर असावी व चूर्ण हाताळताना मुखपट्टी वापरावी.

उघडा किंवा जंतुसंसर्ग झालेला व्रण, पाय गरम होऊन सुजणे, अथवा सांधे अचानक ढासळू लागणे अशा अवस्थांत पादत्राण हा उपचार नव्हे. अशा पायाला प्रथम पूर्ण विश्रांती किंवा सर्वस्पर्शी प्लॅस्टरचा साचा द्यावा लागतो. पाय स्थिर झाल्यानंतरच कायम वापराच्या तळाचे माप घेतात. त्यानंतरही रुग्णाने रोज तळवे पाहावेत, पादत्राणात खडा वा खिळा नाही याची हाताने खात्री करावी आणि दर काही महिन्यांनी तळाची झीज तपासून घ्यावी. तळ बाहेरून नवा दिसत असला, तरी आतील जाळीच्या भिंती दबून गेल्या असण्याचा संभव असतो. म्हणून तळाच्या जाडीचे मूळ माप नोंदवून ठेवणे व तपासणीच्या वेळी ते पुन्हा घेणे हितावह असते.